मैदानावरची हुज्जत आणि आपण

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण स्वयंपाक, आरोग्य, बचत, मुलांचा अभ्यास अशा विषयांवर बोलतो. या वेळी चिटणीसबाईंनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटले, "फुटबॉलच्या पंचाबद्दल बोलेन." त्या हसल्या. तुम्हीही आता हसता आहात. सातवीपर्यंत शिकलेली, घर, बाजार आणि खाडी यांपलीकडे फारसे न पाहिलेली बाई फुटबॉलवर काय बोलणार, असे वाटणे साहजिक आहे. पण विषय दिसतो तितका लांबचा नाही. पावसाळ्यात आपली मुले चिखलात चेंडू खेळतात, आपण कडेला छत्र्या घेऊन उभ्या राहतो, आणि मैदानावर जे भांडण पेटते ते रात्री आपल्याच ओट्यावर येऊन बसते. तेव्हा त्याचा विचार आपणही केलेला बरा.

मला यातले थोडेफार कळू लागले ते माझ्या धाकट्या मुलीमुळे. ती कॉलेजात असताना तिने पंचाची परीक्षा दिली. लेखी परीक्षा आणि धावण्याची परीक्षा, अशा दोन. नियमांचे पुस्तक इंग्रजीत. मी जवळा निवडीत बसायची आणि ती एकेक नियम वाचून मला मराठीत सांगायची. म्हणे, दुसऱ्याला समजावून सांगितले की आपल्याला पाठ होते. तिला पाठ झाले आणि मलाही निम्मेशिम्मे झाले. या खेळाचे नियम अवघे १७ आहेत. आपल्या लग्नकार्यातल्या मानपानाच्या नियमांपेक्षा पुष्कळच कमी!

आता पहिला प्रश्न असा की, पंच हवाच कशाला? तर सुरवातीला तो नव्हताच. इंग्लंडात हा खेळ मोठ्या शाळांतली मुले खेळत, तेव्हा वाद झाला की दोन्ही संघांचे कर्णधार आपसात मिटवीत. पुढे चुरस वाढली, मिटेनासे झाले. मग प्रत्येक संघ आपापला एक पंच आणू लागला. दोन पंच म्हणजे दोन बाजू, त्यांचेही जमेना. म्हणून मैदानाबाहेर एक तिसरा माणूस बसवला. दोघांचे पटले नाही तर त्याला विचारायचे. अखेर १८९१ साली त्या तिसऱ्यालाच शिट्टी देऊन मैदानात आणले आणि सगळा अधिकार त्याच्या हाती दिला. त्याच १८९१ साली आपल्या मुंबईत रोव्हर्स कप नावाची मोठी स्पर्धा सुरू झाली. पुढे कुपरेजच्या मैदानावर तिचे सामने पाहायला मुंबईकर वर्षानुवर्षे गर्दी करीत. ती स्पर्धा आता होत नाही, पण आपल्याकडच्या जुन्या लोकांना ती आठवते.

सांगायचे असे की, पंच हा सर्वांत शहाणा माणूस म्हणून मैदानात आलेला नाही. भांडण कुठेतरी संपावे म्हणून त्याला आणले आहे. आपल्या बायकांना हे समजायला जड नाही. धक्क्यावर मासळीचा लिलाव होतो. शेवटची बोली सुटली की पाटी त्या बाईची. नंतर कोणी म्हणेल, "मी अजून दहा रुपये चढवणार होते," तर तिचे कोणी ऐकत नाही. ऐकू लागले तर दुपारपर्यंत एकही पाटी हलायची नाही आणि मासळी नासेल. फुटबॉलच्या नियमातही तसेच लिहिले आहे. गोल झाला की नाही झाला, धक्का दिला की नाही दिला, या घडलेल्या गोष्टींबद्दल पंचाचा निर्णय अखेरचा. त्याला आपली चूक उमगली किंवा साहाय्यक पंचाने लक्षात आणून दिली, तर तो निर्णय बदलू शकतो. पण तेही खेळ पुन्हा सुरू होण्याच्या आधी. ओरडण्याने निर्णय बदलण्याची तरतूद १७ नियमांत कुठेही नाही.

मग ओरडा होतो कशावरून? मी कडेला उभी राहून पाहिले आहे. बहुतेक हुज्जत तीन गोष्टींवरून होते आणि तिन्ही ठिकाणी पाहणाऱ्यालाच नीट माहीत नसते.

पहिली गोष्ट ऑफसाइड. आपला खेळाडू समोरच्या संघाच्या हद्दीत आहे, आणि चेंडूच्या व शेवटून दुसऱ्या प्रतिस्पर्ध्याच्याही पुढे जाऊन थांबला आहे, अशा वेळी त्याच्याकडे चेंडू दिला आणि तो खेळला, तर ऑफसाइड. यातली मेख अशी की, तो कुठे होता हे चेंडू मारला त्या क्षणी पाहायचे असते. चेंडू त्याच्यापर्यंत पोचला त्या क्षणी नव्हे. आपण कडेवरच्या सगळ्याजणी चेंडूमागे मान वळवतो आणि पोचल्यावर पाहतो. तोवर सगळे हललेले असतात. म्हणून आपल्याला पंच आंधळा वाटतो.

दुसरी गोष्ट हाताची. चेंडू हाताला लागला की फाउल, असे आपण धरून चालतो. तसे नाही. मुद्दाम हात लावला, किंवा हात अंगापासून असा काही लांब केला की अडवायला शरीर मोठे झाले, तर फाउल. हात अंगालगत असताना जवळून चेंडू येऊन आदळला तर बहुतेक वेळा काही नाही. हे पंचाला एका डोळ्याच्या पापणीत ठरवायचे असते.

तिसरी गोष्ट अशी की, पंचाने फाउल पाहिलेला असतो आणि तरी तो शिट्टी वाजवीत नाही. ज्याला धक्का बसला त्याचाच संघ चेंडू घेऊन गोलाकडे निघाला असेल, तर शिट्टी वाजवून त्याचेच नुकसान कशाला? म्हणून तो दोन्ही हात पुढे करून खेळ चालू ठेवतो. कडेवरून मात्र ओरडा होतो, "दिसत नाही काय रे!" त्याला दिसलेले असते, आपल्याला त्याचे हात दिसत नाहीत.

आता हुज्जत म्हणजे काय, तेही सांगते. खेळाडूने विचारू नये असे नाही. "पंच, काय झाले?" असे विचारले तर चांगला पंच दोन शब्दांत सांगतो. "मागून ढकलले." "हात लागला." संपले. हताश होऊन डोक्याला हात लावला तरी तो काही म्हणत नाही. तरुण रक्त आहे, वाईट वाटणारच. पण हात ओवाळून ओरडणे, अंगावर धावून येणे, चेंडू आपटणे, टाळ्या वाजवून टिंगल करणे, पुन्हा पुन्हा तेच उगाळणे, ही हुज्जत. शब्दाने असो की हावभावाने, नियमाप्रमाणे तिला पिवळे कार्ड. एकाच सामन्यात दोन पिवळी झाली की लाल, आणि लाल म्हणजे बाहेर. त्याच्या जागी दुसरा येत नाही. संघ एकाने कमी खेळतो. शिवीगाळ केली किंवा अपमानाचे बोल काढले, तर पिवळ्याची पायरीच नाही, सरळ लाल.

ही कार्डे कशी आली त्याची गोष्ट मजेची आहे. १९६६ साली इंग्लंडात विश्वचषक होता. २३ जुलैला इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना होता. पंच जर्मन. अर्जेंटिनाचा कर्णधार रॅटिन सारखा त्याच्याशी बोलत होता, हुज्जत घालीत होता. पंचाला स्पॅनिश येत नव्हते आणि रॅटिनला जर्मन. पंचाने त्याला बाहेर काढले, तो जाईना. म्हणे, दुभाषा आणा. कित्येक मिनिटे खेळ थांबला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या दोघा चार्ल्टन भावांना ताकीद दिली गेली होती, ती त्यांना दुसऱ्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हती! त्या स्पर्धेच्या पंचांची व्यवस्था केन ॲस्टन या शिक्षकाकडे होती. ते मोटारीने निघाले असता चौकातल्या दिव्यांनी त्यांना सुचवले. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांब. याला भाषा लागत नाही. १९७० च्या मेक्सिकोच्या विश्वचषकात ही कार्डे प्रथम आली आणि आज आपल्या चिखलातल्या सामन्यातही तीच चालतात.

पण मुलगी म्हणते, कार्ड काढणे सोपे. कार्ड काढावे न लागणे हे खरे काम. तिला शिकवणाऱ्या जुन्या पंचांनी काही गोष्टी सांगितल्या. त्या मला इतक्या पटल्या की घरातसुद्धा उपयोगी पडतात, म्हणून तुम्हांला सांगते.

शिट्टीला बोलता आले पाहिजे. साध्या फाउलला छोटी, वाईट फाउलला लांब आणि कडक. सगळ्यांना एकच शिट्टी वाजवली तर कोणी भीत नाही. निर्णय दिला की त्या जागेवर उभे राहायचे नाही, पुढच्या जागेकडे चालू लागायचे. उभे राहिले की घोळका जमतो. खेळाडू तापला असेल तर आपला आवाज खाली आणायचा. त्याच्या अंगाला हात लावायचा नाही, बोट नाचवायचे नाही. ताकीद द्यायची तर त्याला चार पावले बाजूला बोलवायचे, कारण मित्रांसमोर पाणउतारा झाला तर तो ऐकायचाच नाही. स्वतःला राग आला असेल तर कार्डाला हात घालण्यापूर्वी एक श्वास घ्यायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एका संघाविरुद्ध निर्णय गेला म्हणून पुढचा निर्णय त्यांच्या बाजूने देऊन बरोबरी करायची नाही. एका मुलाला उगाच रागावलो म्हणून दुसऱ्याच्याही पाठीत धपाटा घालायचा, हा न्याय नव्हे.

हे सगळे एकट्या माणसाने करायचे. मोठ्या सामन्यात पोलीस असतात, पडद्यावर पुन्हा पाहण्याची सोय असते. आपल्याकडच्या सामन्यात पंच म्हणजे दिवसभर नोकरी करून आलेला कोणा आईचा मुलगा. मिळतात ते जाण्यायेण्याचे आणि चहापाण्याचे पैसे. त्यासाठी त्याने शंभर माणसांचे ऐकून घ्यायचे.

माझी नणंद कोल्हापूरला दिली आहे. तिथे फुटबॉलचे वेड किती आहे हे तिच्याकडे गेले की दिसते. तिथले संघ म्हणजे पेठांतल्या तालमी आणि मंडळे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले आणि ते पिढ्यान् पिढ्या चालवले. सामने शाहू स्टेडियमवर होतात आणि हजारो माणसे लोटतात. बापाची तालीम ती मुलाची तालीम. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच मुलगा २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात आपल्या देशाकडून खेळला. एवढे मोठे ते वैभव. पण याच वेडाची दुसरी बाजूही कोल्हापूरकरांनी सोसली आहे. निर्णयावरून मैदानात वाद, वादावरून प्रेक्षकांत मारामारी, मग पोलीस बंदोबस्त. सामने थांबवावे लागले, खेळाडूंवर कारवाई करावी लागली, असे तेथे एकापेक्षा अधिक वेळा झाले आहे. नणंद म्हणते, "सामना बंद पडला की घरातली माणसे सुतक असल्यासारखी बसतात." ज्यांचे खेळावर सर्वांत जास्त प्रेम, त्यांचाच खेळ बंद पडतो. हे मनाला लागण्यासारखे आहे.

बाहेरच्या देशांतही हाच त्रास आहे, तेव्हा त्यांनी दोन उपाय काढले आहेत. एक असा की, हुज्जत घालणाऱ्याला कायमचे न काढता दहा मिनिटे बाहेर बसवायचे. डोके थंड झाले की परत घ्यायचे. इंग्लंडात हौशी संघांच्या काही लीगमध्ये दोन वर्षे हे करून पाहिले, तर हुज्जत एकूण ३८ टक्क्यांनी घटली. मग २०१९ पासून तिथल्या हौशी फुटबॉलमध्ये तो नियमच केला. दुसरा उपाय २०२४ च्या युरोपच्या मोठ्या स्पर्धेत लोकांनी पाहिला. पंचाशी बोलायचे ते फक्त कर्णधाराने. दुसरा कोणी आला की पिवळे कार्ड. दोन्ही उपाय साधे आहेत. एकत्र कुटुंबात आपल्या सासवांनी हेच केले. तापलेल्याला ओटीवर बसवायचे आणि बोलायचे ते मोठ्या सुनेने.

आता आपल्या माहुलची गोष्ट. ती सांगायला मी थोरल्या जाऊबाईंची परवानगी घेतली आहे. त्या समोरच बसल्या आहेत.

आपल्याकडे आता दोन वस्त्या आहेत, हे आपण सगळ्याजणी जाणतो. एक आपले जुने कोळी-आगऱ्यांचे गाव, खाडीकाठचे. दुसऱ्या त्या मोठ्या इमारती. २०१७ च्या सुमारास तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडली गेली आणि शेकडो कुटुंबे इथे येऊन पडली. त्यांना इथे यायचे नव्हते, आणि त्यांचे येणे आम्हांला कोणी विचारले नव्हते. पाण्यावरून, रिक्षाच्या रांगेवरून कुरबुरी झाल्या. कारखान्यांचा धूर मात्र दोघांच्याही घरात सारखाच येतो! मुलांनी बायाबापड्यांच्या आधी दोस्ती केली, ती चेंडूवर. म्हणून गेल्या पावसाळ्यात गाव आणि इमारती असा सामना ठरला. पण पंच मिळेना. आदल्या वर्षी बाहेरून आलेल्या पंचाला मुलांनी घेरले होते, तो म्हणाला, "माहुलला पुन्हा येणार नाही." तेव्हा माझ्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "मी गावची आहे, दोन्ही कर्णधारांनी लिहून दिले तर करीन." दोघांनी लिहून दिले. तिने दोन अटी घातल्या. बोलायचे ते कर्णधारानेच, आणि हुज्जत घालणाऱ्याला सहा मिनिटे बाहेर. सामना एका तासाचा, म्हणून दहाची सहा.

पहिल्या अर्ध्या तासात इमारतींच्या मुलांनी गोल केला, तो तिने ऑफसाइड दिला. त्या बाजूने ओरडा झाला, "गावची पोर, गावचाच निर्णय!" नंतर गावाने एक गोल केला. चारेक मिनिटे उरली असतील. गावाच्या गोलासमोर चेंडू उडाला आणि आमच्या मुलाच्या हाताला लागला. तिने पेनल्टी दिली. ज्याच्या हाताला लागला तो माझ्या जाऊबाईंचा मुलगा, तिचा सख्खा चुलतभाऊ. तो ओरडत तिच्यावर धावून आला. तिने तळहात पुढे केला आणि म्हणाली, "कॅप्टनला पाठव." तो म्हणाला, "तू कोणाच्या बाजूची आहेस?" ती पुन्हा म्हणाली, "कॅप्टनला पाठव." तो थांबेना. तिने पिवळे कार्ड काढले आणि त्याला बाहेर बसवले. सहा मिनिटे म्हणजे सामना संपेपर्यंतच. आता आमच्या बाजूने ओरडा झाला, "आपलीच पोर आपल्यावर उलटली!" मी छत्रीखाली उभी होते. माझे हातपाय गार पडले होते. पेनल्टीवर गोल झाला, सामना बरोबरीत सुटला, आणि मारामारी झाली नाही. दोन्ही कर्णधारांनी तिला मधे घेऊन मैदानाबाहेर आणले.

मारामारी झाली नाही, पण घरात अबोला झाला. जाऊबाई माझ्याशी बोलेनात. भांडी घासायला एकाच मोरीवर बसायचे आणि बोलायचे नाही, हे किती कठीण असते ते तुम्ही जाणता. मुलीला मी विचारले, "इतके करून मिळवलेस काय?" ती म्हणाली, "आई, मी सोडून दिले असते तर इमारतींतली मुले पुन्हा कधी आपल्याशी खेळली असती का?" मला उत्तर देता आले नाही. नारळी पौर्णिमेला जाऊबाईंनीच नारळीभाताची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "पोरांच्या खेळापायी आपण किती दिवस उपाशी राहायचे?" त्यानंतर तो मुलगा एके दिवशी आला आणि बहिणीला म्हणाला, "मला तो हाताचा नियम दाखव." दोघे दोन तास पुस्तक घेऊन भांडत बसले. हात नैसर्गिक जागी होता, असे तो आजही म्हणतो. पण आता तो ते घरात चहा पिताना म्हणतो. आणि ती शिट्टी घेऊन जाते तेव्हा कधी कधी तोच कडेने निशाण घेऊन धावतो. तो निर्णय बरोबर होता की नव्हता, हे मी सांगू शकणार नाही. मी लांब होते आणि पाऊस होता. पण त्या दिवशी निर्णय देणारे कोणीतरी तिथे होते आणि ते डळमळले नाही, म्हणून दोन वस्त्या आज एकमेकींशी बोलतात, एवढे मात्र मी खात्रीने सांगते.

आता एक गोष्ट जरा संकोचाची, पण बायकांच्या सभेत नाही बोलायची तर कुठे? मैदानावर पंचाला जी शिवी दिली जाते, ती पंचाच्या कसबाला नसते. ती त्याच्या आईला असते, बहिणीला असते. चूक झाली म्हणे ऑफसाइडमध्ये, आणि नाव निघते त्या बाईचे, जी घरी भाकरी थापीत आहे! देणारा आपला मुलगा, खाणारा दुसऱ्या कोणीचा मुलगा, आणि मधे आपण दोघी. पुष्कळजणी म्हणतात, पुरुषांची तोंडे अशीच असायची. मला ते पटत नाही. नियमाच्या पुस्तकाला जर शिवी म्हणजे लाल कार्ड हे कळते, तर आपल्या घराला का कळू नये? जो मुलगा मैदानावर शिवी देऊन बाहेर पडला, त्याला घरी आल्यावर "काय झाले रे बाळा" म्हणून पाणी देण्याआधी, "कोणाच्या आईचे नाव घेतलेस?" एवढे विचारा. पाणी मग द्या.

आणि मुलींच्या हाती शिट्टी, याचे कोणाला नवल वाटत असेल तर सांगते. गोव्याच्या मारिया रेबेलो भारताकडून खेळल्या आणि पुढे पुरुषांच्या आय-लीगच्या सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिल्या. गोव्याच्याच उवेना फर्नांडिस २०१६ साली जॉर्डनला मुलींच्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात साहाय्यक पंच होत्या. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये पुरुषांच्या विश्वचषकात जर्मनी आणि कोस्टारिका यांच्या सामन्याला स्टेफनी फ्रापार ही फ्रान्सची बाई पंच होती, आणि दोन्ही कडांना निशाणे घेऊनही बायकाच होत्या. जर्मनीचे ते धिप्पाड खेळाडू तिच्या शिट्टीला थांबले. मग आपल्या चिखलातले आपले बाळू का थांबणार नाहीत?

शेवटी मंडळापुढे माझी चार मागणी आहेत. येत्या पावसाळ्यात पुन्हा गाव आणि इमारती असा सामना ठरतो आहे, म्हणून आजच सांगते.

एक, कडेला चुन्याची रेघ मारावी आणि आपण सगळ्या बायामाणसांनी तिच्या मागे उभे राहावे. गावाच्या इकडे आणि इमारतींच्या तिकडे असे न उभे राहता मिसळून उभे राहावे. शेजारी त्या मुलाची आई उभी असली की तोंडातून वाईट शब्द निघत नाही.

दोन, पंचाला गाडीभाडे, पाणी आणि सामना संपल्यावर बसायला खुर्ची, हा खर्च मंडळाने करावा. निकाल काहीही लागो, चहाचा पहिला पेला पंचाला.

तीन, सामन्याआधी मुलांना आणि आपल्यालाही अर्धा तास नियम समजावून द्यावेत. ऑफसाइड, हात आणि चालू ठेवलेला खेळ, एवढे तीन कळले तरी निम्मा ओरडा कमी होईल. माझी मुलगी आणि तिचा भाऊ हे काम करायला तयार आहेत.

चार, निर्णयाबद्दल बोलायचे असेल तर दुसऱ्या दिवशी बोलावे. रात्र गेली की रागाचा ताव उतरतो आणि खरी शंका असेल तेवढी उरते.

यांपैकी एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. पंच चुकेल. माणूस आहे, चुकणारच. पण त्याला घालवून दिले तर चुकीचा निर्णयही मिळणार नाही आणि बरोबरही मिळणार नाही. नुसती मारामारी मिळेल, आणि मुलांचा पावसाळ्यातला एक आनंद जाईल. आपल्या मुलांना या जागी मोकळे मैदान आधीच थोडे. जेवढे आहे तेवढे तरी भांडणाने बंद पडू नये, एवढीच माझी तळमळ आहे.

माझे बोलणे लांबले. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, एकीनेही हुज्जत घातली नाही, म्हणून मला कार्ड काढावे लागले नाही!